जहाजबांधणीतील जाड पोलादी प्लेटचं वेल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या गोदीत मी आधी वेल्डिंग सुपरव्हायझर आणि नंतर इन्स्पेक्टर म्हणून काम केलं. आयटीआयची मुलं, डिप्लोमाचे विद्यार्थी आणि नव्याने शिपयार्डात लागलेले इंजिनिअर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लहान-मोठी आहेत, कारण काही प्रश्न दोन ओळींत सुटतात आणि काहींना वेळ द्यावाच लागतो.

जहाजात ‘जाड प्लेट’ कशाला म्हणायचं?

साध्या मालवाहू जहाजाचं कवच बहुतेक ठिकाणी १२ ते २५ मिलिमीटरच्या आसपास असतं. ५० मिलिमीटरच्या पुढे गेलं की नियम बदलतात, चाचण्या वाढतात आणि वेल्डरची पद्धतही बदलावी लागते. मोठ्या कंटेनर जहाजांवर हॅचच्या कडेने उभी राहणारी भिंत, म्हणजे हॅच कोमिंग, आणि तिच्या बुडाशी असलेली वरच्या डेकची पट्टी इथे ८० ते १०० मिलिमीटरपर्यंतच्या प्लेट लागतात.

एवढं जाड पोलाद तिथेच का, ते समजून घ्या. कंटेनर वरून आत सोडायचे म्हणून या जहाजाचं डेक जवळपास सगळं उघडं असतं. झाकण नसलेला पत्र्याचा डबा हातात धरून पिळून पाहा, लगेच कळेल. लाटेवर जहाज वाकतं तेव्हा वरच्या बाजूचा सगळा ताण कडेच्या त्या अरुंद पट्टीवर येतो. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ ४०० मीटर लांबीचं होतं. एवढ्या लांबीचा भार झेलायला प्लेट जाड करायची आणि पोलादही जास्त ताकदीचं घ्यायचं, असे दोन्ही उपाय करावे लागतात. ईएच ही जहाजाच्या जास्त ताकदीच्या पोलादाची श्रेणी. ईएच३६ ची यील्ड ताकद, म्हणजे पोलाद कायमचं वाकायला लागतं तो ताण, ३५५ मेगापास्कल, ईएच४० ची ३९० आणि ईएच४७ ची ४६०.

जाड प्लेट म्हणजे नुसते जास्त थर भरायचे ना? त्यात अवघड काय?

हा गैरसमज सगळ्यांत जास्त नुकसान करतो. धातू वितळवणं हा जाड प्लेटचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो थंड होण्याचा.

लोहार कोयता लालबुंद तापवतो आणि पाण्यात बुडवून त्याला पाणी पाजतो. धार कडक होते, पण चुकून जास्त कडक झाली तर दगडावर आपटताच तुकडा उडतो. थंड जाड प्लेट वेल्डला नेमकं हेच करते. पाण्याची गरजच नसते, प्लेटचं वस्तुमानच उष्णता ओढून घेतं. पातळ पत्र्यात उष्णता फक्त दोन बाजूंना पसरते, जाड प्लेटमध्ये ती खालीही जाते. वेल्डच्या लगतची काही मिलिमीटरची पट्टी, जिला आपण हीट अफेक्टेड झोन किंवा एचएझेड म्हणतो, ती झटक्यात थंड होऊन कडक आणि ठिसूळ बनते. त्यात जाड प्लेट वाकून ताण सोडत नाही, म्हणून आकुंचनाचा सगळा ओढा जोडावरच राहतो. आता त्या कडक पट्टीत थोडा हायड्रोजन घुसला की भेग पडायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या.

म्हणून प्रीहीट करायचं? किती?

हो. प्लेट आधीच गरम असेल तर वेल्ड सावकाश थंड होतो, पट्टी कमी कडक होते आणि हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो. किती ते पोलादातला कार्बन आणि मिश्रधातू, जाडी आणि रॉड किंवा वायर यांवर ठरतं. त्यासाठी कार्बन इक्विव्हॅलंट काढतात: कार्बन, त्यात मँगनीजचा सहावा भाग, क्रोम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा भाग. शेवटी आकडा मात्र मंजूर झालेल्या डब्ल्यूपीएसमधूनच, म्हणजे वेल्डिंगच्या लेखी कार्यपद्धतीतूनच, घ्यायचा. जाड ईएच पोलादाला साधारण १०० अंशांच्या आसपासचं प्रीहीट नेहमी पाहायला मिळतं.

मोजण्याची जागा फार महत्त्वाची आहे. बर्नरची ज्योत जिथे लागते तिथे ठरावीक तापमानाला वितळणारा टेम्परेचर खडू टेकवून ‘वितळला’ म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ज्योत बाजूला करा, उष्णता प्लेटमध्ये मुरू द्या, मग जोडापासून दोन्हीकडे ७५ मिलिमीटर अंतरावर आणि शक्य असेल तर ज्योतीच्या उलट बाजूला टेम्परेचर खडू ओढा. रेघ कोरडी राहिली तर अजून तापवा. ती ओलसर, चकचकीत झाली तर रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, सुरू करा. गॅसच्या ज्योतीपेक्षा सिरॅमिक हीटिंग पॅड मला केव्हाही बरे वाटतात. जेवणाच्या सुट्टीतही ते तापमान धरून ठेवतात.

वेल्ड झाल्यावर लगेच तपासणी का करत नाहीत? ४८ तास कशाला थांबायचं?

हायड्रोजनची भेग लगेच पडत नाही, म्हणून. जोड हाताला गार लागल्यावरही अणूएवढा हायड्रोजन पोलादात सरकत असतो, ताणाच्या जागी साठत असतो. काही तासांनी, कधी दोन दिवसांनी भेग उघडते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण खरं कळलं ते नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत. यंत्राच्या पायाची ५० मिलिमीटरची प्लेट होती, जुलैचा महिना होता आणि रात्रपाळी चालू होती. निम्मे थर झाल्यावर पाऊस वाढला, काम थांबलं आणि बर्नर विझवले. दोन तासांनी काम पुन्हा सुरू झालं तेव्हा प्लेट गार झाली होती. ‘आधीच्या थरांची ऊब आहे’ असं म्हणून कोणी पुन्हा तापवलं नाही, आणि मीही अडवलं नाही. सकाळी कॅपिंग, म्हणजे सर्वांत वरचा थर, इतकं सुरेख दिसत होतं की फोटो काढावा. त्याच दिवशीच्या यूटीत (अल्ट्रासोनिक तपासणीत) काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा प्रोब फिरवला तेव्हा रूटपासून थोडं वर, एचएझेडच्या रेषेत, स्क्रीनवर उंच सरळ सुळका उभा राहिला. गाऊजिंग करत, म्हणजे धातू कोरून काढत, खाली गेलो. राखाडी धातूत केसाएवढी काळी रेघ दिसली, आणि ती जोडाच्या लांबीला समांतर हातभर गेली होती. एका रात्रीचं काम दुरुस्त करायला आम्हाला चार दिवस लागले. त्यानंतर मध्येच काम थांबलं की प्रीहीट चालूच ठेवायचं किंवा पूर्ण जोड पुन्हा तापवूनच रॉड लावायचा, यात मी कधी तडजोड केली नाही.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात रॉडची काळजी कशी घ्यायची?

७०१८ सारख्या लो-हायड्रोजन रॉडचा लेप हवेतलं पाणी शोषतो, आणि आर्कमध्ये त्याच पाण्याचा हायड्रोजन होतो. उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजा, मग होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवा आणि जॉबवर पोर्टेबल ओव्हनमधून एकेक काढा. अर्ध्या पाळीचे रॉड खिशात किंवा स्कॅफोल्डिंगच्या फळीवर पडलेले दिसले तर ते जाड प्लेटला लावू देऊ नका. फ्लक्सलाही, म्हणजे वेल्ड झाकणाऱ्या दाणेदार पुडीलाही, हाच नियम. सबमर्ज्ड आर्कचा फ्लक्स उघड्या पोत्यातून थेट हॉपरमध्ये ओतताना मी अनेक जागी पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी थांबवलं आहे. ग्रूव्हवर, म्हणजे जोडासाठी कापलेल्या खाचेवर, दव असेल तर आधी ज्योत फिरवून ते उडवा. पहिल्यांदा ज्योत लागली की प्लेटवर ओल उमटते, ती पूर्ण सुकेपर्यंत थांबा.

ग्रूव्हचा आकार एवढा का महत्त्वाचा?

कारण भरायचा धातू जाडीच्या पटीत नाही, जवळपास वर्गाच्या पटीत वाढतो. हिशोब करून पाहू. एका बाजूने उघडा व्ही, एकूण कोन ४५ अंश, रूट गॅप ६ मिलिमीटर. ३० मिलिमीटर प्लेटला मीटरभर जोडासाठी सुमारे ४.३ किलो धातू लागतो. ६० मिलिमीटरला साडेचौदा किलो. १०० मिलिमीटरला ३७ किलो! जाडी तिपटीहून थोडी जास्त झाली आणि धातू साडेआठ पटींहून जास्त.

६० मिलिमीटरच्याच प्लेटला दोन्ही बाजूंनी व्ही केला आणि रूट गॅप २ ठेवला तर काम सातेक किलोत होतं. शिवाय दोन्हीकडून आलटून-पालटून भरल्यामुळे प्लेट एका बाजूला ओढली जात नाही. म्हणून दोन्हीकडून हात पोचत असेल तर डबल व्ही घ्या. पोचत नसेल तर नॅरो गॅप, म्हणजे जवळजवळ उभ्या भिंतींचा अरुंद ग्रूव्ह. त्यात धातू फार वाचतो, पण भिंतीला धातू नीट चिकटला नाही तर आत लांबलचक लॅक ऑफ फ्यूजन राहतो, आणि वरून तो दिसत नाही.

शिपयार्डात प्रत्यक्षात कोणती पद्धत कुठे वापरतात?

शॉपमध्ये सपाट पडलेल्या प्लेटला सबमर्ज्ड आर्क. आर्क फ्लक्सच्या ढिगाखाली झाकलेला असतो, ना प्रकाश ना ठिणग्या, नुसती गुणगुण ऐकू येते. दोन, तीन किंवा चार वायर एकामागोमाग लावून धातू वेगाने भरता येतो. मोठ्या यार्डांच्या पॅनल लाइनवर खाली फ्लक्स आणि तांब्याची पट्टी लावून एकाच बाजूने पूर्ण जोड करतात, म्हणजे कित्येक टनांचं पॅनल उलटवावं लागत नाही.

उभ्या आणि डोक्यावरच्या जोडांना फ्लक्स कोअर्ड वायर (आत फ्लक्स भरलेली पोकळ वायर) आणि सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. १.२ मिलिमीटरची वायर, मागे सिरॅमिकची पट्टी. आज जहाजावरचं सर्वांत जास्त हाताचं वेल्डिंग हेच आहे. रूट झाल्यावर मागची सिरॅमिक पट्टी सोलून काढली की खाली एकसारखा, चमकता बीड (वेल्डचा पट्टा) दिसतो. तो क्षण प्रत्येक वेल्डरला आवडतो, आणि मलाही.

साधा रॉड अजून संपलेला नाही. टॅक (तात्पुरते छोटे टाके), दुरुस्ती, अडचणीची कोपरी यांसाठी तो लागतोच.

इलेक्ट्रोगॅस वेल्डिंग म्हणजे काय?

जाड प्लेटसाठी जहाजबांधणीत आलेली ही सर्वांत मोठी सोय. ड्राय डॉकमध्ये दोन ब्लॉक समोरासमोर उभे राहिले की बाजूच्या भिंतीचा आणि कोमिंगचा जोड उभा असतो. फ्लक्स कोअर्डने तो भरायचा तर ७०-८० मिलिमीटरला कित्येक थर आणि प्रत्येक थरानंतर स्लॅग, म्हणजे वर गोठलेला मळीचा थर, काढायचा. इलेक्ट्रोगॅसमध्ये ग्रूव्हच्या पुढे पाण्याने थंड होणारा तांब्याचा बूट आणि मागे पट्टी लावतात. मधल्या पोकळीत वितळलेल्या धातूचं छोटं तळं तयार होतं. वरून वायर आत येत राहते, तळं भरत जातं, बूट वर सरकतो आणि खाली जोड घट्ट होत येतो. विहिरीत पाणी चढावं तसा धातू चढतो. पातळ जाडीला एक वायर पुरते. ७०-८० मिलिमीटरला दोन वायर लावून एकाच फेरीत जोड पूर्ण होतो. जे काम वेल्डरला मीटरमागे पाळी-पाळी पुरतं, ते मशीन फारच थोड्या वेळात करतं.

तिची बहीण इलेक्ट्रोस्लॅग. तिच्यात आर्क नसतो, वितळलेल्या स्लॅगमधून वीज जाऊन उष्णता होते. कीव्हच्या पॅटन इन्स्टिट्यूटने ती प्रत्यक्षात आणली. जहाजाच्या कवचापेक्षा फार जाड ओतीव भागांना ती जास्त शोभते.

एवढ्या उष्णतेने पोलाद कमकुवत होत नाही का?

होतं, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी शाबासकी देतो. हाताच्या वेल्डिंगमध्ये सेंटिमीटरमागे साधारण १५ ते ३० किलोजूल उष्णता जाते. जाड प्लेटच्या इलेक्ट्रोगॅसमध्ये ती शेकड्यांत जाते. म्हणजे इथे धोका उलटा: प्लेट फार हळू थंड होते. एचएझेडमधले स्फटिकाचे कण वाढून भरड होतात आणि पोलादाचा चिवटपणा घटतो.

त्यामुळे साधी प्लेट घेऊन त्यावर इलेक्ट्रोगॅस चालवता येत नाही. पोलाद गिरण्यांनी त्यासाठी वेगळी प्लेट बनवली. नियंत्रित रोलिंग आणि वेगाने थंड करण्याने ताकद आणायची, म्हणजे कार्बन कमी ठेवता येतो. आणि आत टायटॅनियम नायट्राइडसारखे अतिसूक्ष्म कण विखरून ठेवायचे, जे उष्णतेत स्फटिकांना वाढू देत नाहीत. प्लेटच्या प्रमाणपत्रावर ती किती हीट इनपुटसाठी मंजूर आहे ते पाहा. माझ्या मते हा कागद मशीनपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

वेल्डेड जहाजाचे खरंच दोन तुकडे झाले होते का?

हो. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला ‘स्केनेक्टडी’ हा नवा कोरा टँकर धक्क्याला बांधलेला होता. समुद्र चाचण्या नुकत्याच झाल्या होत्या. पाणी शांत, वादळ नाही, टक्कर नाही. प्रचंड आवाज झाला आणि डेकपासून दोन्ही बाजूंनी खाली भेग धावत गेली. जहाज मधोमध दुमडलं, फक्त तळाची प्लेट धरून राहिली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजं वेल्डिंगच्या जोरावर झपाट्याने बांधली, आणि त्यांतल्याही अनेकांना भेगा गेल्या. लोकांनी आधी वेल्डरला दोष दिला. सदोष वेल्ड होतेही. पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की मूळ दोष पोलादात होता: ते थंडीत काचेसारखं ठिसूळ होत होतं. त्यात हॅचचे चौकोनी कोपरे ताण एकवटत होते. आणि रिव्हेटच्या जहाजात भेग प्लेटच्या कडेला येऊन थांबायची, वेल्डेड जहाजात सगळं कवच एकसंध असल्याने तिला थांबायला जागाच उरली नाही.

आज प्लेटच्या नावातलं डी, ई हे अक्षर त्याच धड्यातून आलं आहे. डी ग्रेडची शार्पी चाचणी (थंड तुकड्यावर हातोडा मारून चिवटपणा मोजणं) उणे २० अंशांवर, ई ग्रेडची उणे ४० वर.

भेग पडलीच तर तिला थांबवायची सोय असते का?

आता असते. पूर्वी समज होता की वेल्डमधली ठिसूळ भेग आपोआप वळून मूळ प्लेटमध्ये जाईल आणि थांबेल. जपानमध्ये जाड प्लेटवर केलेल्या मोठ्या चाचण्यांत ती न वळता सरळ जोडातून धावत गेली. त्यानंतर जहाजांचे नियम ठरवून तपासणी करणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएसीएसने, मोठ्या कंटेनर जहाजांसाठी क्रॅक अरेस्ट, म्हणजे धावती भेग अडवणाऱ्या, पोलादाचे नियम केले. दुसरी युक्ती साधी आहे: कोमिंगचा आणि डेकचा ब्लॉक जोड एका रेषेत आणायचा नाही, निदान ३०० मिलिमीटर सरकवायचा. कोमिंगमधून उतरणारी भेग डेकवर येते तेव्हा तिच्यासमोर वेल्ड नसतो, अखंड प्लेट असते.

लेझर किंवा इलेक्ट्रॉन बीमने हे सगळं सोपं होणार नाही का?

लेझर-हायब्रिड (लेझर आणि आर्क एकत्र) जहाजबांधणीत रुजला आहे. जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या मायर यार्डात क्रूझ जहाजांची पॅनल त्याने होतात. पण ती पातळ प्लेटची करामत आहे, तिथे वाकडेपणा टाळणं हा फायदा. ८० मिलिमीटरच्या कोमिंगला आज तो उत्तर नाही, आणि त्याला फिटअप, म्हणजे प्लेटची जुळणी, फार काटेकोर लागतो.

इलेक्ट्रॉन बीमची ताकद मात्र थक्क करणारी आहे. २०२४ मध्ये ब्रिटनच्या शेफील्ड फोर्जमास्टर्सने अणुभट्टीच्या पात्राचा २०० मिलिमीटर जाडीचा जोड २४ तासांच्या आत पूर्ण केल्याचं जाहीर केलं. अडचण निर्वाताची. पात्राभोवती ते करता येतं, उघड्या ड्राय डॉकमध्ये जहाजाभोवती कसं करणार?

पाणबुडीचं वेल्डिंग वेगळं असतं का?

फार वेगळं. प्रेशर हलवर, म्हणजे दाब झेलणाऱ्या कवचावर, खोल पाण्याचा दाब सतत चढतो-उतरतो, पोलादाची ताकद जास्त आणि म्हणून हायड्रोजनला ते जास्त हळवं. अमेरिकेच्या ‘सीवुल्फ’ पाणबुडीच्या हलमध्ये एचवाय-१०० पोलादाच्या वेल्डना १९९१ मध्ये भेगा आढळल्या आणि झालेलं काम पुन्हा करावं लागलं.

आपल्याकडे माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘शल्की’ १९९२ मध्ये नौदलात आली, भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. २०१७ मध्ये ‘कलवरी’ आली. मुंबईच्या वेल्डरांनी हे काम करून दाखवलं आहे, याचा मला मनापासून अभिमान आहे. आणि कोचीन शिपयार्डात बांधलेल्या, २०२२ मध्ये दाखल झालेल्या ‘विक्रांत’साठी डीआरडीओ आणि सेलने डीएमआर २४९ए हे पोलाद इथेच तयार केलं. नवं पोलाद म्हणजे नव्या वायर, नवे रॉड, नव्या डब्ल्यूपीएस आणि वेल्डरांची नव्याने परीक्षा. बातमीत हे येत नाही, पण कामाचा मोठा भाग तोच असतो.

जाड जोडाला एक्स-रे पुरेसा नाही का?

नाही. पोरॉसिटी (वायूची छिद्रं), अडकलेला स्लॅग एक्स-रेत छान दिसतात. पण कडेने बसलेली पातळ भेग किंवा लॅक ऑफ फ्यूजन किरणांच्या दिशेत नसेल तर फिल्मवर उमटतच नाही. जाडी वाढली की चित्रही पुसट होतं. म्हणून जाड प्लेटला यूटी, आणि आता फेज्ड अॅरे किंवा टॉफडी या त्याच्याच प्रगत पद्धती. पण प्रोबच्या आधी डोळे वापरा. अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच), ओव्हरलॅप (न चिकटता वर सांडलेला धातू), आर्क स्ट्राइक (भलत्या जागी लागलेला आर्क) ही डोळ्यांनीच पकडायची.

टाकीच्या आत वेल्डिंग करताना काय पाळावं?

इथे मी कोणाचंही ऐकून घेत नाही. सीओटू हवेपेक्षा जड, डबल बॉटमच्या, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळातल्या पोकळीच्या, तळाशी साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसचा पाइप सुट्टीत आत ठेवून जाऊ नका, बाहेर ओढून घ्या. आत जाण्याआधी ऑक्सिजन मोजा, ब्लोअर चालू आहे का पाहा, मॅनहोलवर माणूस हवाच. १०० अंशांच्या प्लेटला टेकून आत बसलेल्या वेल्डरची पाळी छोट्या तुकड्यांत वाटा आणि पाणी, लिंबू-मीठ जवळ ठेवा. वेल्डिंगचा धूर जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २०१७ मध्ये कर्करोगकारक ठरवला आहे, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून चालणार नाही, योग्य रेस्पिरेटर लागतो. आर्क लागून डोळे चुरचुरले तर दुधाचे थेंब घालू नका, डॉक्टरकडे जा.

एकाच जागी कितीदा दुरुस्ती चालते?

बहुतेक ठिकाणी दोनदा. तिसऱ्यांदा उघडायची वेळ आली तर वर्गीकरण संस्थेच्या सर्व्हेअरशी बोलून पद्धतच बदलावी लागते, कारण प्रत्येक वेळी तीच पट्टी तापते आणि पोलाद थकतं. गाऊजिंगनंतर काळा कार्बनचा थर ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत काढा, डाय पेनिट्रंट (भेगेत मुरणारा रंग) मारून भेगेची दोन्ही टोकं गेल्याची खात्री करा, आणि दुरुस्तीचं प्रीहीट मूळ कामापेक्षा थोडं जास्तच ठेवा. छोट्या खड्ड्याभोवतीची गार प्लेट तो जास्त झपाट्याने थंड करते.